कामठावालीची शर्यत

शनि. ९ ऑक्टोबर २००४

सकाळी ढग, पाऊस नाही. बोडीच्या तळ्याकडच्या मोठ्या बांधीतलं पाणी काढायला घेतलं. हलका धान लोंबीवर वाकलाय, भारी उशिराचा, तो अजून हिरवा. तुडतुडा दिसला, फार नाही.

सून आजही मागून धावली. रोजचंच झालं आहे. मी फावडं खांद्यावर टाकून धुऱ्यानं निघतो, थोड्या वेळानं ती निघते. गावातून सडकेनं धावली असती तर लोक काय बोलले असते ते मला पाठ आहे, म्हणून मीच म्हटलं होतं, शेतात धाव. पण धुरा म्हणजे एका माणसाची वाट. दोन्हीकडे धान, खाली चिखल. ती मला गाठते आणि मग माझ्या मागे पावलं लहान करते. सासऱ्याला मागे टाकून सून कशी जाईल. मी माझ्या चालीनं चालतो, ती मागे जागच्या जागी नाचल्यासारखी धावते, ओढणी डोक्यावर. तिचा श्वास ऐकू येत राहतो. बोडी आली की मी खाली धानाच्या बांधीत उतरतो, तेव्हा ती मोकळी होते.

जेवलो. चव लागली नाही. आमचा पोरगा दिनेश गेल्यापासून लागत नाही, त्यात नवीन काही नाही.


मंगळ. १२ ऑक्टो.

दुपारी कटरे सर आले. सुनेच्या कॉलेजात खेळाचे सर आहेत. कॉलेजात तिचं नाव दिनेशनंच घातलं होतं, लग्न झालं त्याच वर्षी. मग श्रावणात त्याला ताप आला, डोक्यात चढला, आणि संपलं. तिचं एक वर्ष बुडालं. यंदा सौ.च म्हणाली, जाऊ दे तिला कॉलेजात, घरात बसून भिंती बघते.

सरांचं म्हणणं असं. दिवाळीनंतर गोंदियाला कॉलेजांची शर्यत आहे, तीन दिवस. लांबच्या शर्यतीत पहिल्या दोन येतील त्या विद्यापीठाच्या संघात. मग नागपूरला शिबिर. पुढं तिथंच होस्टेलात राहून शिकायचंही जमवता येतं, असं ते म्हणाले. "पोरीत दम आहे पटलेजी. गोंदिया जिल्ह्यात असा दम मी पाहिला नाही."

मी ठीक आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सर गेल्यावर सौ.नं कप उचलता उचलता सुनेबद्दल विचारलं, "जिंकली तर जाईन ना ते?"

मी म्हटलं, जिंकली तर.

गावात तिला सगळे कामठावाली म्हणतात, माहेर कामठ्याचं म्हणून. आम्हीही तेच म्हणतो. इथं का.वा. लिहितो, शाई वाचते.


शुक्र. २२ ऑक्टो. दसरा

सोनं वाटलं. का.वा.नं पाया पडून दिलं.

जेवायच्या वेळेला तिचा मोठा भाऊ विष्णू आला. साधा माणूस. जेवण झाल्यावर बोलला, बहिणीला घेऊन जातो, कोवळं वय आहे, पुन्हा पाट लावून देऊ. जागाही पाहून ठेवली आहे, शेतीवाडीचं घर. आमच्यात रीत आहे ती, त्यात वाईट काही नाही. मीच दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं, घेऊन जा.

का.वा. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मी इथंच राहतो दादा."

विष्णूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तो बसची वेळ झाली म्हणून उठला.

मला बरं वाटलं. खूप महिन्यांनी काही तरी वाटलं म्हणून लिहून ठेवतो.


शनि. ३० ऑक्टो.

उभ्या धानात लाखोरी डाळीचं बी टाकलं. ओल चांगली आहे. दोन बांध्या राहिल्या, उद्या.

का.वा.ला कॉलेजातून धावायची पँट मिळाली आहे. निळी, बाजूला पांढरी पट्टी. घरात घालायला लाजते. सकाळी अंधुकात घालून निघाली, वरून दिनेशचा जुना सदरा, आणि डोक्यावर ओढणी आहेच. मी मागे वळून पाहिलं नाही. सदरा त्याचा आहे हे आवाजावरून कसं कळलं सांगता येत नाही. नवा असताना मीच आणला होता गोरेगावच्या बाजारातून, जाड कापड, चालताना वाजायचं.

पाठ दुखून राहिली आहे.


शुक्र. १२ नोव्हें. दिवाळी

मागच्या वर्षी एकही पणती लावली नव्हती. यंदा सौ.नं ओसरीवर चार लावल्या. का.वा.नं गोठ्यात एक. मी पाहत बसलो. दिवे होते, उजेड होता, एवढंच.


रवि. २१ नोव्हें.

हलका धान कापून झाला. भारी उभा. मजूर मिळत नाहीत, सगळ्यांचं एकदमच आलं.

कटरे सरांचा निरोप, घरचं कोणी तरी सोबत यावं. मी म्हटलं, कापणी टाकून कसं जाऊ. सौ. म्हणाली धान कुठं पळून जात नाही, पळणारी वेगळीच आहे. ती विनोदानं बोलली की कसं ते कळेना. तोंडावर काही नव्हतं. आम्ही दोघं आता एकमेकांच्या तोंडाकडे पाहून काही ओळखू शकत नाही.

जातो म्हटलं.


बुध. २४ नोव्हें. गोंदिया

पहाटेची बस. का.वा. बायकांच्या सीटवर, मी मागे. मुलींची सोय होस्टेलात, माझी मावसभावाकडे.

ग्राउंड मोठं आहे. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, मंडप, माइकवर एक हिंदी बोलणारा माणूस ज्याला दम घ्यायची सवय नाही. कडेनं नाली आहे, नळाचं पाणी वाहतं. उंच उडीची गादी पातळ म्हणून खाली धानाच्या तणशीचे भारे टाकले होते. तणस पिवळीधमक, न भिजलेली. कोणाची असेल, चांगली ठेवली होती. माझं अर्धं लक्ष तिकडेच.

लहान शर्यती झाल्या. पोरं बाणासारखी सुटत होती आणि संपल्यावर कमरेवर हात ठेवून ओणवी होत होती. मंडपातली गोंदियाची पोरं ओरडत होती, दबा के, दबा के.

मग माइकवर नाव आलं, "कुमारी वनिता." ती पुढे सरकली तेव्हा मला समजलं की हे हिचं नाव. लग्नपत्रिकेत वाचलं असेल मी, पण कोणी मोठ्यानं म्हटलेलं ऐकलं नव्हतं. आणि कुमारी. सरांना सांगून दुरुस्त करावं असं मनात आलं. मग म्हटलं, राहू दे.

पंधराशे मीटरची शर्यत. पुढे तिरोड्याच्या कॉलेजची काळीसावळी, आखूड केसांची पोरगी. तिच्या टाचेला टाच लावून का.वा. फेऱ्यामागून फेरे तसंच. आणि मी उभा होतो तिथं आली की दर वेळी खाली पाहायची आणि डोक्याकडे हात न्यायची. डोक्यावर काही नव्हतंच, बांधलेली वेणी फक्त. हात वर गेला की पाऊल अडखळायचं. माझ्या शेजारची पोरं हसली. शेवटी मागून आणखी दोघी आल्या आणि तिला टाकून गेल्या. चौथी आली.

सर तापले. दम शिल्लक आहे, श्वास लागला नाही, मग पुढे काऊन नाही गेली?

ती म्हणाली, "जागा नव्हती सर."

"एवढं मोठं ग्राउंड आहे. बैलगाड्या जातील चार."

मला माहीत होतं जागा का नव्हती. माझ्या मागे धावून धावून तिच्या पायांना तेवढीच शर्यत माहीत आहे. पुढच्याच्या मागे राहायचं आणि तो उतरेपर्यंत थांबायचं.

सर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, परवा पाच हजारची आहे. निवड तिथंच. तुम्ही दिसणार नाही असे बसा, पटलेजी, राग मानू नका. मी म्हटलं राग कसला.

चौथी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटायला नको होतं, पण वाटलं.


गुरु. २५ नोव्हें. गोंदिया

आज तिचं काही नव्हतं. मावसभाऊ म्हणाला राइस मिलवर चल, धानाचा भाव बघ. मी ग्राउंडवर गेलो. पाय तिकडेच गेले.

सकाळपासून बसलो. भाल्याची फेक पाहिली, तिहेरी उडी पाहिली. चौघांच्या शर्यतीत हातातली नळी दुसऱ्याला देताना एका पोराच्या हातून पडली, तर तो ती उचलून रडत रडत धावला, शेवटचा. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला कोणी वाजवत नव्हतं. बसलो पुन्हा. स्वतःचंच नवल वाटलं.

शेजारी एक माणूस येऊन बसला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. बोदलकसा गावचा, तलावात मासे धरतो. कालची ती तिरोड्याची पोरगी त्याचीच, पुष्पा. पुड्यातले फुटाणे माझ्यापुढे धरून म्हणाला, "आमची पाळीवर धावते जी. तलावाची पाळ. ढोरं आडवी आली तं ढोरं लोटून जाते."

मी फुटाणे घेतले.

"ते मागची तुमची पोरगी का?"

सून, असं सांगितलं. त्यानं विचारलं, पोरगा नाही आला? मी मान हलवली. त्याला समजलं. बराच वेळ आम्ही फुटाणे खात गोळाफेक पाहिली. मग तो म्हणाला, चिकटून राहते ते मागं, पुढं काऊन नाही जात? मी म्हटलं, रीत आहे. तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला.

दुपारी त्याच्यासोबत चना-पोहा खाल्ला. तर्री तिखट होती, नाकातून पाणी आलं. तिखट आहे हे कळलं.


शुक्र. २६ नोव्हें. गोंदिया

नीट लिहायला पाहिजे आजचं.

पाच हजारची शर्यत उन्हं तिरपी झाल्यावर. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी उंच उडीच्या तणशीमागे बसलो, तिथून ट्रॅक दिसतो पण माणूस दिसत नाही. बोदलकशाचा माझ्यासोबतच आला. त्याच्या पोरीला त्याची अडचण नव्हती, तरी आला.

सुरुवातीला सगळ्या घोळक्यानं. हळूहळू तिघी सुटल्या. पुष्पा पुढे, तिच्यामागे गोंदियाची एक उंच पोरगी, तिच्यामागे का.वा. बाकीच्या मागे विखुरल्या. फेरे वाढत गेले तशी मंडपातली पोरं कंटाळून चहाला गेली.

मी दिसत नसल्यामुळे तिचा हात डोक्याकडे जात नव्हता. पण पुढेही जात नव्हती. उंच पोरगी दमली होती, तिची मान डावीकडे लवत होती, माझ्यासारख्याला कळत होतं. का.वा. तिच्या मागे. बाहेरून दहा जणी जातील एवढं मैदान मोकळं, आणि ही मागे. सर पलीकडून ओरडत होते, निकल, निकल वनिता. ऐकू येत असेल. पण सरांच्या ओरडण्यानं धुऱ्यावरचा माणूस बाजूला होत नाही.

तणशीच्या जवळून गेली तेव्हा तिचा श्वास ऐकला. दमलेल्या माणसाचा नव्हता. रोज माझ्या पाठीमागे असतो तो होता.

मी बसून राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. तिसरी आली असती. उद्या बसनं घरी. परवा धुऱ्यावर माझ्या मागे. सौ.नं भाकर वाढली असती आणि तिघांनी जेवलो असतो. मला तेच पाहिजे होतं. आताही वाटतं, तेच पाहिजे होतं.

का उठलो, ते सांगता येणार नाही. बोदलकशाच्यानं "कुठं जी?" असं विचारलं. मी चालत सरळ वळणावर गेलो आणि ट्रॅक आणि नाली यांच्यामधल्या काठावर उभा राहिलो. अरुंद काठ, एका माणसाचा. आमच्या धुऱ्याएवढाच.

तिघी आल्या. तिनं मला पाहिलं. हात डोक्याकडे निघाला.

मी खाली उतरलो. नालीत. दोन्ही पाय, पोटऱ्यांपर्यंत पाणी. वर पाहून म्हटलं, "मी उतरलो, जाय!"

आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कोणाला हाक मारली नसेल. मंडपातले लोक हसले. माइकवाला बोलता बोलता थांबला.

तिचा हात अर्ध्यातून खाली आला. मग ती बाहेरच्या बाजूनं निघाली. उंच पोरीच्या खांद्याला खांदा लावला आणि पुढे. घंटा वाजली, शेवटचा फेरा. तिला तसं धावताना मी पाहिलंच नव्हतं कधी, रोज ती माझ्या मागे असूनही. मान वर, कोपर आत, वेणी पाठीवर आपटत होती. पुष्पाला गाठलं नाही, पण फार मागेही राहिली नाही. दुसरी.

बोदलकशाचा पळत आला आणि मला हाताला धरून नालीतून ओढून काढलं. त्याची पोरगी पहिली आली होती आणि हा मला ओढत होता. "आपल्या दोघी गेल्या जी, दोघी गेल्या."

डोळे कोरडे होते. चपलांमध्ये मात्र पाणी भरलं होतं. चालताना आवाज येत होता.

ती लांब गवतात आडवी पडली होती. कोणी तरी टॉवेल टाकला. मी जवळ गेलो नाही.


रवि. २८ नोव्हें.

घरी. भारी धान कापायला सुरुवात.

काल सौ.ला सांगितलं, दुसरी आली. ती पीठ मळत होती, मळत राहिली. मग म्हणाली, जाईन मग ते. मी हो म्हटलं.

आज शेतात न्याहारी घेऊन आली का.वा. गाठोडं ठेवून उभी राहिली. मग विचारलं, "मामाजी, तुम्ही नालीत कायले उतरले?"

मी म्हटलं पाय घसरला.

ती हसली. तोंडावर ओढणी धरून, पण आवाज आला. हे घर सुनं झाल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी विळा घेतला आणि कापायला लागलो. बोट कापलं थोडं.


सोम. ६ डिसें.

कटरे सर गाडीवर आले. यादीत तिचं नाव आहे. शिबिर रविवारपासून, पंधरा दिवस. मग संघ बाहेरच्या राज्यात जाईल. त्यानंतर होस्टेलात राहायचं की परत यायचं ते तिच्यावर आणि आपल्यावर, असं म्हणाले. सर चहा न पिता गेले, आणखी एका पोरीच्या घरी जायचं होतं.

का.वा. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

मला म्हणता येत नव्हतं. एक तर जा असं म्हणावं लागणार होतं, नाही तर राहा असं. दोन्ही तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी गोठ्याकडे गेलो. ढोरं पाणी पिऊन झालेली होती, तरी पुन्हा पाणी दाखवलं.

मागे सौ.चा आवाज ऐकला. मोठ्यानं नाही, नेहमीसारखाच.

"धुऱ्यावर किती दिवस धावन ते पोरगी?"

कोणाला विचारलं कोण जाणे. सुनेला पोरगी म्हणाली, हे लक्षात राहिलं.


शनि. ११ डिसें.

सौ. सकाळपासून चुलीपाशी. लाखोरीच्या डाळीचे वडे, मुरमुऱ्याचे लाडू. एवढे कोण खाणार असं मी म्हटलं, तर म्हणाली तिथल्या सगळ्या पोरी खातील, आणि ती मासेवाल्याची पण असेल ना. मी तिला पुष्पाबद्दल कधी सांगितलं ते आठवत नाही. म्हणजे घरात बोललो असेन मी.

दिनेशचा सदरा धुऊन वाळत टाकला होता का.वा.नं. संध्याकाळी घडी करून पिशवीत घालताना तिनं सौ.कडे पाहिलं. सौ.नं मान हलवली.


रवि. १२ डिसें.

गोरेगावच्या स्टँडवर सोडलं. तिथं पुष्पा आणि तिचा बाप आधीच उभे. गोंदियाला गाडी बदलायची आहे, दोघी सोबत आहेत, बरं झालं. पुष्पाच्या बापानं आजही फुटाणे आणले होते.

बस आली. का.वा. पाया पडली. मी काही तरी बोलावं असं सगळ्यांना वाटत असणार. मी म्हटलं, "वनिता, थंडी आहे तिकडं, डोकं झाकत जा." बोलून झाल्यावर कळलं काय बोललो. घरात आल्यापासून डोकं झाकायला लावलं आणि जाताना पण तेच. तीही हसली, पुष्पाही हसली.

"येतो मामाजी."

बस गेल्यावर बोदलकशाच्यानं तंबाखू काढली. आम्ही दोघं स्टँडवर बराच वेळ उभे होतो, बस गेलेली असून. परत कधी येतील याचं बोललो नाही. तलावात यंदा पाणी किती, ते बोललो.

घरी ओसरीवर तिचे जुने कॅनव्हासचे जोडे. धुऊन उन्हात ठेवलेले. नवे घालून गेली. विसरली की ठेवून गेली ते सौ.ला विचारलं, तिला माहीत नाही.


बुध. १५ डिसें.

थंडी चांगली पडली. दव इतकं की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

धान उचलून झाला, बांध्या मोकळ्या. कापलेल्या धसकटांमधून लाखोरी वर आली आहे, बोटभर, हिरवीगार. यंदा दाट उगवली.

सकाळी फावडं घेऊन धुऱ्यानं निघालो. फावड्याचं काम नव्हतं. बोडीच्या अलीकडे, जिथं वनिता मला गाठायची, तिथं आलो आणि पाय आपोआप हळू झाले. मागे कोणाचा श्वास नव्हता. हे मला माहीत होतं, मी काही भ्रमिष्ट झालेलो नाही.

तरी खाली उतरलो. बांधीत, लाखोरीत. कोवळी होती, पायाखाली गेली. कोणी धावत पुढं निघून जाईल एवढा वेळ थांबलो. मग वर चढलो आणि बोडीकडे गेलो.

सौ.नं वनिताचे ओले जोडे दवातून उचलून आत चुलीजवळ ठेवले आहेत.